दिराच्या ओठातली बाळी

आमच्या घरात देवी एकदाच आली, आणि आली ती थेट माझ्या धाकट्या दिराच्या खालच्या ओठात. दुसरी चांगली जागा तिला का मिळाली नाही, असं मी तेव्हाही विचारलं होतं. सासूबाईंनी फक्त माझ्या तोंडावर हात ठेवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. मी खालापूरकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा घरात सासूबाई, आमचे हे आणि ह्यांचा धाकटा भाऊ एवढीच माणसं. सासरे आधीच गेलेले. त्यामुळे दिराचे लाड करायचं काम सासूबाईंनी आईच्या आणि बापाच्या अशा दोन्ही वाट्यांनी केलं. दीर दिसायला देखणा होता. हे त्याला लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलं होतं, की आणखी काही शिकावं असं त्याला कधी वाटलंच नाही. नात्याप्रमाणे मी त्याला 'भावजी' म्हणायची, अहोजाहो करायची. मनातल्या मनात काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

तो रसायनीच्या एका कारखान्यात टेंपररी म्हणून लागला. पगार हातात आल्याबरोबर त्यानं बेलबॉटम शिवून घेतली. तिची खालची बाजू इतकी रुंद, की बांधावरून चालताना पायांआधी पँटच चिखल तुडवायची. धुवायची मी. केसही मानेवर रुळायला लागले. आमचे हे दर रविवारी त्याला न्हाव्याकडे जायला सांगत आणि तो दर रविवारी कर्जत स्टेशनवर जाऊन उभा राही.

स्टेशनवर उभं राहण्याचं कारण म्हणजे गोरे. त्या काळात कोंडाण्याची लेणी बघायला अधूनमधून हिप्पी यायचे. अंगावर मळके सदरे, गळ्यात माळा, पायात काही नाही. आमच्या गावातल्या बायका त्यांची कीव करायच्या. एकदा शेजारणीनं एका गोऱ्या पोरीला बोलावून भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली होती. ही पोरं खात्यापित्या घरची आहेत, असं कुणी सांगितलं असतं तर गावानं त्यालाच वेड्यात काढलं असतं. आमचे भावजी त्यांना लेण्यांची वाट दाखवायला जायचे. भावजींकडे इंग्रजीचे तीन शब्द होते, 'यस', 'कम' आणि 'केव्ह'. एवढ्यावर डोंगर चढता येतो.

अशाच एका रविवारी तो डोंगरावरून उतरला तो गप्पगप्पच. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. समोर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "वयनी, आज येक गोरा बघितला. त्याच्या ओठात बाळी व्हती."

"कुठं?"

"हितं." त्यानं खालच्या ओठाच्या मधोमध बोट ठेवलं. "आरपार."

"मग जेवतो कसा तो?"

"जेवतो की. माझ्यासमोर बिस्किट खाल्लं."

"बिस्किट कुणीबी खातं. चिंबोरी खाऊन दाखव म्हणावं."

तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत भलतीच काहीतरी चमक होती. पुढचे काही दिवस तो आरशासमोर ओठ ओढून बघताना मला दिसायचा. मला वाटलं, ओठाला फोड आली असेल.

मग तो कर्जतच्या सोनाराकडे गेला. गावातल्या सगळ्या पोरींची नाकं आणि पोरांचे कान याच सोनारानं टोचलेले. ओठ म्हटल्यावर त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हणाला, "नाक सांग, कान सांग. ओठाला मी हात लावनार नाय. उद्या पिकला तर तुजी आई माझ्या दुकानासमोर येऊन बसंल." सासूबाईंना तो ओळखून होता.

सोनारानं नाही म्हटलं, तेव्हा हा चौक गावाला गेला. चौकात हमरस्त्याला लागून त्याच्या एका मित्राचं गॅरेज होतं. रसायनीला जाता-येता तिथे चहा प्यायची आणि तास घालवायचा, अशी त्याची सवय. मित्र ट्रक दुरुस्त करायचा, आणि ट्रक दुरुस्त करणाऱ्या माणसाला जगातली कुठलीच वस्तू अवघड वाटत नाही. मला हे सगळं पुढे कळलं. मित्रानं पोती शिवायचं दाभण घेतलं, स्टोव्हवर लाल केलं, फडक्यानं पुसलं आणि ओठाच्या आतून बाहेर काढलं. दीर बाकावरून खाली पडला. शुद्धीवर आला तेव्हा बाळी ओठात बसलेली होती. बाळी रस्त्यावरच्या बांगड्या विकणाऱ्याकडून घेतलेली, गिलटाची. दोघांनी मिळून आरशात बघितली आणि मित्र म्हणाला, "डिट्टो गोरा!"

डिट्टो गोरा दिवेलागणीला घरी आला. आमचे हे बैल बांधून नुकतेच आत आले होते आणि हातात कासरा होता.

"ह्ये काय रं?"

दिरानं चौकापासून घरापर्यंत मनात बरंच काही जुळवलं असणार. ही स्टाइल आहे, मुंबईत सगळे करतात, असं काहीतरी. पण भावाच्या हातातला कासरा बघून ते सगळं विसरलं. त्याची नजर भिंतीवर गेली. भिंतीवर देवीची तसबीर होती.

"नवस हाय, दादा."

"कसला नवस?"

"पर्मनंटचा. गावदेवीला बोललो व्हतो. नोकरी पर्मनंट कर, ओठ टोचून घेईन म्हनून."

कासरा खाली आला. सासूबाई चुलीजवळून उठल्या, तसबिरीला हात जोडले, मग मुलाच्या ओठाला जोडले. डोळ्यांत पाणी. त्याच वेळी मी तो प्रश्न विचारला, "एवढं मोठं आंग सोडून देवीला ओठच दिसला का?" आणि सासूबाईंनी माझं तोंड दाबलं.

"गप गं. तिच्या कानावर जाईल."

"आई, भावजी परवा हिप्प्याचा ओठ बघून आल्यात. मला सोताच्या तोंडानं बोलले."

"देवीनंच दाखवला आसंल."

यापुढे काय बोलणार? ज्या माणसाला हिप्पीसुद्धा देवीनं पाठवलेला दिसतो, त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा भात लावलेला बरा. मी भात लावला.

दोन-तीन दिवसांत ओठ सुजून वांग्याएवढा झाला. तोंड मिटेना. लाळ गळायची म्हणून तो खांद्यावर पंचा टाकून हिंडायचा. कारखान्यात काय सांगितलं कोण जाणे. मी मिठाचं कोमट पाणी करून दिलं आणि जेवल्यावर चूळ भरायला सांगितलं. पण तोवर सासूबाईंनी बाळीला कुंकू लावलं होतं आणि देवीचं कुंकू धुवायचं नाही, असा घरात नियम झाला होता. तेव्हा ज्याच्या ओठात साक्षात देवी, तो गोठ्याच्या मागे लपून चुळा भरायचा आणि मी पहारा द्यायची.

एवढ्यावर भागलं असतं. सूज हळूहळू उतरली असती, लोक हसून विसरले असते. पण महिनाभरात तो खरोखरच पर्मनंट झाला. त्याच्या बरोबरीनं लागलेली सगळीच पोरं त्या दिवशी पर्मनंट झाली. त्यांचे ओठ शाबूत होते. पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आणि मग गाव आलं.

पहिल्यांदा शेजारीण आली. हीच ती, गोरीला भाकरी घालणारी. तिची म्हैस चरायला गेली ती परतली नव्हती. तिनं दिरापुढे नारळ ठेवला, बाळीला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "कुठं गेली रं माजी म्हस?" दिराला काय माहीत? तो म्हणाला, "मला काय ठावं." पण सुजलेल्या ओठांतून ते 'म्हा खाय हावं' असं काहीतरी बाहेर पडलं. शेजारीण उडाली. "खालच्या अंगाला! खालच्या अंगाला हाय म्हनतो!" म्हैस संध्याकाळी ओढ्याच्या खालच्या अंगाला सापडली. ती रोज तिथेच बसायची.

तेव्हापासून दर मंगळवारी आमच्या घरी देवीचा दरबार भरायला लागला. माणसं अंगणात बसायची. कुणाच्या पोराला ताप, कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत. दीर ओसरीवर पाटावर बसायचा आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायचा. आधी त्याला लाज वाटायची. नंतर गोडी लागली. देखणा चेहरा, मानेवर केस, ओठात बाळी आणि समोर हात जोडलेली माणसं. स्टेशनवर उभं राहून त्याला जे मिळत नव्हतं, ते इथे बसल्या जागी मिळायला लागलं. ओठाची सूज थोडी उतरली, तसा तो मुद्दाम जड बोलायला लागला. बोलणं नीट कळलं असतं तर देवीची किंमत राहिली नसती. ही एवढी अक्कल मात्र त्याला कुणी न शिकवता आली.

प्रत्येक बाई जाताना बाळीला हळद लावायची, कुंकू लावायची, कुणी चुलीतला अंगारा लावायची. सगळं त्या भोकात जायचं. गिलट उडालं आणि बाळी आधी हिरवी, मग काळी पडली. त्यात त्याला नवी खोड लागली होती. रिकामा बसला की जिभेनं बाळी हलवायची आणि दातांवर वाजवायची. टिक, टिक, टिक. शेजारी बसून जेवणाऱ्याला वेड लागायची पाळी. बाळी जिथे घासायची तिथली हिरडी खाली सरकत गेली. एकदा जांभई देताना मला दिसलं, खालच्या पुढच्या दोन दातांची मुळं उघडी पडली होती, पिवळी, लांब.

"भावजी, दात बघा आरशात. घोड्यासारखे झाल्यात."

"आयला सांगू नका," एवढंच म्हणाला.

शेतात चिंबोऱ्या निघाल्या, तेव्हा एका दुपारी मी कालवण केलं. सगळे आवाज करत खात होतो. दिरानं नांगी दातांखाली धरली, बाळी मध्ये आली, आणि कडकन आवाज झाला. तो नांगीचा नव्हता. पुढच्या दाताचा कोपरा तुटला होता. त्यानं तुकडा शोधला, सापडला नाही. बहुतेक कालवणाबरोबर पोटात गेला.

सासूबाई म्हणाल्या, "देवीनं घेतला."

मी म्हणाले, "देवीला दात नाय का सोताचे?"

आमचे हे पानावरून उठून गेले. आमच्या दोघींच्यामध्ये बसून त्या माणसाला आयुष्यभर पोटभर जेवता आलं नाही.

नोकरी पक्की झाल्यावर लग्नाचं बघायला सुरुवात झाली. चौकातच एक स्थळ होतं. मुलीच्या वडिलांचं हमरस्त्यावर चहा-जेवणाचं हॉटेल. ट्रकवाले तिथे थांबायचे. बघायला आम्ही चौघं गेलो. मुलीच्या वडिलांच्या कानावर देवीची कीर्ती गेलेली, त्यामुळे ते होणाऱ्या जावयाच्या पाया पडता पडता राहिले. मुलगी चहा घेऊन आली. उंच, काळीसावळी, नजर सरळ. तिनं कप पुढे केला. दिरानं घोट घेतला आणि ओठ नीट मिटत नसल्यानं निम्मा चहा नव्या शर्टावर गेला. मुलगी कपाकडे बघत राहिली, मग शर्टाकडे, मग आत गेली.

मी तिच्या मागून आत गेले. ती मोरीशी उभी होती.

"ताई, येक बोलू? राग मानू नका."

"बोल."

"त्यांच्या तोंडाला वास येतो. कप देतानाच आला मला."

माझ्याही नाकाला तो वास रोज यायचा. पण घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी म्हणाले, "येतो. खरं हाय."

"मानूस बरा वाटतो. बाळी काढली तर मी तयार हाय. पन देवीसंगं सवत म्हनून मला नांदायचं नाय."

मी तिला मिठीच मारणार होते. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या भाषेत बोलणारं कुणीतरी भेटलं होतं.

परतीच्या एसटीत मी दिराच्या शेजारी बसले आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. पण तो पंच्यानं तोंड झाकून म्हणाला, "कशी काढू, वयनी? नवस हाय."

"नवस तुमीच बोललात. खोटा बोललात. आता खरं बोला आनि काढा."

"आता माजा रायला नाय तो. गावाचा झाला. काढली तर आय काय म्हनंल? ती शेजारीन काय म्हनंल? त्यांच्या पोरांना ताप आला तरी माझ्यावर येईल."

त्याचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची दया आली. स्वतः रचलेल्या थापेत माणूस असा अडकलेला मी आधी पाहिला नव्हता.

मंगळवार गेल्यावर त्यानं गुपचूप बाळी काढायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गोठ्यामागे बोलावलं आणि ओठ उलटा करून दाखवला. मी मागे सरले. आतल्या बाजूला बाळी दिसतच नव्हती. मांस तिच्यावर चढलं होतं. बाहेर नुसता काळा अर्धगोल आणि आत पिवळा पू.

"निघत नाय, वयनी," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा.

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता कर्जतला डॉक्टरकडे चला. तो म्हणाला, उद्या जाऊ. उद्या उजाडायच्या आत त्याला हुडहुडी भरून ताप आला. हनुवटीखाली दगडासारखी सूज. जीभ वर उचलली गेलेली, थुंकीसुद्धा गिळता येईना. बोलायला तोंड उघडलं की नुसता घरघर आवाज. बातमी गावात पसरली आणि बायका आरतीची ताटं घेऊन आल्या. त्यांना वाटलं, देवी पूर्ण अंगात आली. कुणीतरी त्याच्या नाकाखाली कापूर धरला.

त्या क्षणी मी ओरडले. सून म्हणून त्या घरात मी कधी तसं ओरडले नव्हते. "आरत्या बाजूला ठेवा! त्याला श्वास घेता येत नाय, दिसत नाय का तुमाला?"

आमच्या ह्यांनी भावाला उचललं. कर्जतच्या डॉक्टरांनी दारातच बघितलं, आतसुद्धा घेतलं नाही. "पनवेलला न्या. आत्ता." एक टेंपो मिळाला. मागे दीर, माझ्या मांडीवर डोकं. शेजारी सासूबाई, पिशवीत नारळ. चौकात टेंपोचं इंजिन तापलं आणि ड्रायव्हरनं पाण्यासाठी नेमकं त्याच गॅरेजपुढे थांबवलं. मित्र पाण्याचा डबा घेऊन बाहेर आला, टेंपोत बघितलं, आणि डबा तिथेच टाकून मागे चढला. पनवेलपर्यंत तो नाक पुसत होता.

दवाखान्यातले दातांचे डॉक्टर बारीक अंगाचे, तुसडे. बॅटरी मारून तोंडात बघितलं आणि विचारलं, "हे कुणी टोचलं?"

सासूबाई पुढे झाल्या. "देवीनं."

"मग देवीला पुढच्या वेळी सुई उकळून घ्यायला सांगा."

तेवढ्यात मित्र रडत म्हणाला, "साहेब, मी टोचला. आमच्या गॅरेजमंदी. दाभनानं."

सासूबाईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आमच्या ह्यांनीही.

"दाभण उकळलं होतं?"

"ष्टोवर लाल केलं व्हतं, साहेब. मग फडक्यानं पुसलं."

"कसल्या फडक्यानं?"

मित्रानं खिशातून फडकं काढून दाखवलं. ऑइलनं काळं झालेलं, कडक. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ते हात धुवायला निघून गेले. बराच वेळ धूत होते.

मोठ्या दवाखान्यात हलवून हनुवटीखाली चीर दिली, पू काढला, ओठ कापून बाळी बाहेर काढली. इंजेक्शनं सुरू झाली. खालचे पुढचे दोन दात इतके हलत होते, की ते काढावेच लागले. डॉक्टर बाहेर येऊन आमच्या ह्यांना म्हणाले, सूज जिभेखाली उतरली होती. आणखी थोडा वेळ घरी आरत्या चालल्या असत्या, तर गळाच बंद झाला असता. हे ऐकून आमचे हे जिन्याच्या पायरीवर बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. भावाला बेलबॉटमवरून, केसांवरून रोज बोलणारा माणूस. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

नर्सनं बाळी कापसात गुंडाळून सासूबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पदरानं घासली. काळं निघालं, खालून पितळ दिसलं.

"सोनं नाय?"

"गिलट हाय, आई," मी म्हणाले.

त्यांनी बाळी उजेडात धरली. मला वाटलं, आता डोळे उघडले. इतक्या दिवसांनी त्या घरात एक खरी गोष्ट सगळ्यांसमोर आली होती. त्या हळूच म्हणाल्या, "म्हनूनच कोपली. देवीला खोटं सोनं वाह्यलं."

गावाचंही तेच म्हणणं पडलं. मित्रानं दाभण, स्टोव्ह, फडकं सगळं जाहीर सांगितलं, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. उलट शेजारणीनं वर्गणी काढायची कल्पना मांडली. खऱ्या सोन्याची बाळी करू, आणि या वेळी सोनाराकडूनच टोचून घेऊ, म्हणजे देवीचा राग जाईल. दीर दवाखान्यातून घरी आला, हे ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं चौकला पळाला. कारखान्यात जवळ पडतं असं कारण सांगून तो मित्राच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत राहिला. देवीचा भक्त आपल्या भक्तांना भिऊन ट्रकच्या टायरांमध्ये झोपायचा.

त्या गॅरेजच्या समोरच, रस्त्यापलीकडे, त्या मुलीच्या वडिलांचं हॉटेल. पुढचं त्यानं मला स्वतः सांगितलं. गॅरेजला चहा द्यायला एके सकाळी ती स्वतःच आली. ह्यानं तोंडावर हात धरला.

"हात काढा."

ह्यानं काढला. ओठाला टाके, पुढे दोन दातांची खिडकी. तिनं जरा पुढे वाकून, ट्रकवाल्यांच्या देखत, त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"गेला," ती म्हणाली. "आता चहा प्या. हळू प्या, सांडू नका."

लग्न आमच्या दारातच झालं. मंगलाष्टकं म्हणताना भटजींनी नवऱ्याच्या तोंडाकडे फार बघितलं नाही. नवी सून आली, आणि आल्यावर काही दिवसांतच पलीकडच्या गावचं एक जोडपं नारळ घेऊन दारात उभं राहिलं. बाळीवाला कुठं आहे, विचारायला लागलं. माझ्या जावेनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, त्यांच्या पोराला काय होतंय ते ऐकून घेतलं आणि सांगितलं, "देवी पनवेलच्या दवाखान्यात असते हल्ली. पोराला तिकडं न्या." त्यांनी नेलं की नाही, कळलं नाही. नारळ ठेवून गेले, त्याची आम्ही दोघींनी चटणी केली. सासूबाईंनीही खाल्ली.

दिरानं पुढे दोन कृत्रिम दात बसवून घेतले. ते त्याच्या तोंडापेक्षा शर्टाच्या खिशात जास्त असत. ओठाखाली खड्डा राहिला, गोल, डाळीच्या दाण्याएवढा. आरशात तो दिसला की त्याला कसंतरी व्हायचं, म्हणून त्यानं तो झाकायला दाढी वाढवली. दाढी चांगली भरदार आली. मानेवर केस होतेच. कर्जतच्या बाजारात दोन अनोळखी बायका त्याच्या पाया पडल्या आणि एकीनं पदराच्या गाठीतून हळद काढली.

तो तसाच न्हाव्याकडे गेला आणि दाढी, केस सगळं उतरवून आला. आमचे हे त्याला इतकी वर्षं दर रविवारी जे सांगत होते, ते अखेर झालं.